मालकाच्या सहीची जागा

मी, कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानाची बाई, वय अठ्ठेचाळीस, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. परवा माझं पोटाचं ऑपरेशन आहे. बिघाड पोटात आहे, डोक्यात नाही. कोणी बळजबरी केलेली नाही. माझ्यावर करून बघावी.

१. राहत्या दोन खोल्या आणि दुकान माझ्या एकुलत्या लेकीला. मात्र माझ्या दवाखान्यापायी ते विकायचं नाही. लेक म्हणते, "आई, घर काय, पुन्हा घेऊ." अगं, तुझ्या बापाच्या आजारपणात असंच म्हणून पहिलं घर गेलं. तो वाचला नाही आणि घरही परत आलं नाही.

२. ते घर पडत्या भावात घेतलं माझ्या दिरानं. काल पुन्हा आला. "वहिनी, माणूस मोठा की भिंती?" मी म्हटलं, "भावोजी, चहा घ्या आणि निघा. या खेपेला खर्च विमा देतोय." त्याला माझ्याकडून काही नाही. चहा दिला आहे.

३. हे लेकीनं नीट वाचावं, हे घडलं तेव्हा ती लहान होती. सरकारी आरोग्य विमा फक्त नोकरीवाल्यांना मिळायचा. अर्जावर मालकाची सही लागायची. आम्हा गल्लीतल्या बायांना मालक कुठला? मग अर्जावर मी शेजारच्या शिंपिणीची मालक झाले, शिंपीण माझी. सगळ्या गल्लीनं तेच केलं. विमा कचेरीतल्या कारकुनानं पकडलं. "बाई, ही फसवणूक आहे!"

"मग माझा खरा मालक दाखवा, त्याची सही आणते."

अर्ज फेटाळले. आम्ही पिच्छा सोडला नाही. मोर्चे काढले, सुनावणीत भांडलो. शेवटी नियम बदलला: स्वतःचं काम करणाऱ्यालाही विमा, हप्ता कमाईच्या मानानं. त्या नियमावर आमची नावं नाहीत. नसू देत. आम्हीच बदलला.

४. बँकेतली शिल्लक लेकीची. आधी तिनं स्वतःचा विमा काढावा. "मला काय धाड भरलीये" असं नियम बदलल्यावर तिचा बापही म्हणायचा.

५. जड इस्त्री शिंपिणीला. दर वेळी मागून नेते आणि परत देताना तोंड वाकडं करते. आता ठेव कायमची. मालकीण आहेस माझी.

स्थळ: दुकानातलं इस्त्रीचं टेबल.
तारीख: तीन मार्च.

साक्षीदार:
समोरचा चप्पल दुरुस्तीवाला (सही)
तोच कारकून, आता निवृत्त, कपडे माझ्याकडेच देतो (सही)

कारकून म्हणाला, "बाई, इथं मालकाची सही लागत नाही हं." लागो न लागो, मी करणार.

सही: माझी.
मालकाची सही: माझीच.