विशूच्या वाढदिवसाचा गुळाचा भात

६ जानेवारी २०२५, सोमवार
ठरलं एकदाचं! विशूच्या सहाव्या वाढदिवसाला केक नाही, फुगे नाहीत. सव्वीसला रविवारच आहे — त्याच्या वर्गातली आठ पोरं वडगाव रासाईला माझ्या माहेरच्या मळ्यात न्यायची आणि स्वयंपाक त्यांच्याकडूनच करून घ्यायचा. लहानपणी मी आणि माझी मैत्रीण भामा करायचो तसा. नदीकाठी तीन दगडांची चूल, तिच्यावर गुळाचा भात. दोघी मिळून रांधायचो. ती चव अजून जिभेवर आहे.
हे कुरकुंभहून शिफ्ट संपवून आले, ऐकलं आणि म्हणाले, "आठ पोरं आन् चूल? केक मागव आन् मोकळी हो."

९ जानेवारी
यादी केली. सुरी नाही, विळी नाही. पोरांनी मटार सोलायचे, गूळ फोडायचा, वरणफळांची कणीक वाटीने कापायची. चुलीपाशी मोठी माणसंच. एका आईचा मेसेज — "धूर असेल का?" असणारच बाई, चूल आहे ती!

१२ जानेवारी
भात घरी करून पाहिला. पार गिचका. इतक्या वर्षांत कृतीच विसरलेय. आई असती तर विचारलं असतं. शेवटी भामाला फोन लावला. तिला न्हावऱ्याला दिलीय; लग्नानंतर तीनदा बोललो असू. म्हटलं, तुझ्याशिवाय तो भात नाही व्हायचा, ये. "बघते. म्हशी हायत बाई."

१६ जानेवारी
परत बिघडला. गूळ आधी घातला, शितं टणक राहिली. विशू म्हणाला, "मम्मी, तू सांगतेस तसा नाही लागत." मला रडूच आलं, पोरासमोर. मी त्याला नदीवर जाऊ देत नाही, झाडावर चढू देत नाही. माझ्या लहानपणातलं निदान एवढं तरी त्याला मिळावं.
भामाला म्हटलं, नुसती कृती सांग. "फोनवर काय सांगू?" भाव खातेय.

२५ जानेवारी
भामाचा मेसेज — उद्या येते! जीव भांड्यात पडला.

२६ जानेवारी
पोरांनी फोडलेला गूळ भामापुढे ठेवला. म्हटलं, कर आता. ती हळूच म्हणाली, "सुले, मला न्हाई येत गं. तू कवा मला चुलीपाशी बसू दिलंस? मी काटक्या आणायची, आन् मागनं भांडी घासायची."
फोनवर का नाही बोललीस, विचारलं.
"तू किती मायेनं बोलवत हुतीस."
सरकून तिला चुलीपाशी जागा केली. मग दोघींनी मिळून भात केला. पहिल्यांदाच.