पंखे फिरतात, पण पडदा काळा

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार

ती. अक्काच्या पायावर तुझ्या धाकट्या कारभारीचं डोकं. (केस गेले पण डोकं तेच राहिलं, असं तू मागच्या भेटीत म्हणाली होतीस. ते कौतुक नव्हतं, हे मला घरी आल्यावर कळलं.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींना नमस्कार सांग आणि म्हणावं, बिडी सोडली असं फोनवर सांगताना मागं काडी ओढल्याचा आवाज येऊ देत जाऊ नका.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तू म्हणशील. बत्तीस वर्षं वाळूजच्या कारखान्यात प्रेसच्या धडधडाटात मेंटेनन्स केला, अक्का, मला हळू बोलताच येत नाय. मी फोनवर हॅलो म्हटलं की शेजारचे नानासाहेब त्यांच्या घरातून ‘बोला’ म्हणतात. आणि विषय आपल्या सायलीचा आहे, सायली पलीकडच्या खोलीत बसलीय, म्हणून कागद घेतला.

तर आमच्या घरात एक नवीन कॉम्प्युटर आलाय आणि तो काही केल्या उठत नाय. आलाय म्हणजे अख्खा आला नाही, सुट्ट्या पार्टांत आला. सायलीनं एकेक पार्ट निवडून मागवला आणि रविवारी सतरंजीवर पसारा मांडून, मोबाईलवर भराभर इंग्रजी बोलणाऱ्या एका माणसाकडं बघत, स्वतःच्या हातानं जोडला. मी खुर्ची टाकून बघत बसलो. मला हात लावू दिला नाही. (मी प्रेमानं एक स्क्रू ड्रायव्हर पुढं केला, तोपण ‘राहू द्या पप्पा’ म्हणून परत आला.) पण खरं सांगतो, पोरीचा हात लई साफ चालतो. स्क्रू नेमका बसला की थांबती, उगा पिळत नाही. माझ्या हाताखाली असे चार जण असते तर मी रिटायरच झालो नसतो. मला लई भारी वाटलं.

आता हा उद्योग कशासाठी, ते सांगतो. पुण्याच्या एका कंपनीनं तिला मशीनच्या पार्टांची ड्रॉइंग काढायला घेतलंय. त्यांचं म्हणणं असं की एक तारखेपासून पुण्यात ये, नोकरी पक्की. नाहीतर घरी दमदार कॉम्प्युटर असेल तर तिथनं सुटं सुटं काम घे. काय ते पुढच्या बुधवारपर्यंत कळव. पोरीनं घडीभरही विचार न करता घर निवडलं. का, तर पप्पा एकटे! तिची आई जाऊन तीन वर्षं झाली, पप्पांना भाजीतलं मीठ कळत नाही, पप्पा गॅस चालू ठेवून पेपर वाचतात. (एकदाच झालं ते. आणि डाळ करपली होती, घर नाही.) म्हणजे मशीन बुधवारच्या आत उठलं तर पोरगी इथं, नाही उठलं तर पुण्यात. सगळं त्या एका खोक्यावर येऊन अडकलंय.

रविवारी संध्याकाळी पूजा ठेवली. सायली कोपऱ्यावरून नारळ आणि पेढे घेऊन आली, नानासाहेबांना बोलावलं, नारळ बाहेर ओट्यावर फोडला (आत पाण्याचा एक थेंब जाऊ दिला नाही, लिहून देतो), खोक्याला हळदकुंकू लावलं आणि बटन तिनं माझ्या हातानं दाबायला लावलं. पंखे फिरायला लागले. आत लाल-निळे दिवे लागले, गणपतीच्या मंडपासारखे. पडदा मात्र काळा ठिक्कर. आम्ही तिघं त्या काळ्या पडद्यापुढं हात जोडून उभे. नानासाहेबांना वाटलं हे असंच असतं, त्यांनी पेढा खाऊन अभिनंदनसुद्धा केलं.

नंतर खरी परिस्थिती समजल्यावर मात्र नानासाहेबांना हुरूप आला. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत आणि त्यांच्या ऑफिसात जिल्ह्यातला पहिला कॉम्प्युटर आला होता, असं ते सांगतात. (तो प्लॅस्टिकच्या कव्हरखाली होता आणि कव्हर काढायची परवानगी फक्त साहेबांना होती, हेपण तेच सांगतात.) त्यांचं निदान असं की रॅम काढा. रॅम म्हणजे पट्टीसारखा एक पार्ट असतो, तिची सोनेरी टोकं शाळेतल्या खोडरबरानं घासायची. घासली. सोमवारी दोनदा, मंगळवारी सकाळी दोनदा. खोडरबर संपलं, पडदा होता तसाच. मग म्हणाले, मशीनचं तोंड दक्षिणेला आहे, पूर्वेला करा. टेबल फिरवलं. आता खोलीचं दार अर्धंच उघडतं आणि मी आडवा होऊन आत शिरतो. नानासाहेब तर शिरतच नाहीत, दारातूनच सल्ला देतात.

मग अन्वरभाई आला. गल्लीतल्या सगळ्या घरांचं वायरिंग त्याच्या हातचं आहे. त्यानं टेस्टर लावला, कान लावून पंख्याचा आवाज ऐकला आणि मला म्हणाला, “करंट तो पूरा आरा कारभारीभाई, फिर ये कायकू रूठ के बैठा?” मी काय सांगणार! शेवटी त्यानं दोष अर्थिंगवर ढकलला. भिंतीलगत खड्डा घ्यायचा, मीठ-कोळसा भरायचा, पट्टी गाडायची. उद्या सकाळी खड्डा धरतोय. ज्या दुकानातून दोन-तीन पार्ट घेतले तो दुकानदार म्हणतो, नुसतं घेऊन या, दहा मिनिटांत सांगतो. मी नाय म्हटलं. रस्ता सगळा खोदून ठेवलाय, रिक्षात हादरे बसून आतलं काहीतरी निखळायचं. सायली म्हणाली, गोधडीत गुंडाळून नेऊ. पण गोधड्या नेमक्या त्याच दिवशी मी धुवायला काढल्या होत्या. (व्हय, मी. जन्मात पहिल्यांदाच धुतल्या. ओली गोधडी एवढी जड होते हे मला माहीत नव्हतं, दोन दिवस कंबर धरून बसलो होतो.)

पण अक्का, हसण्यावारी नेऊ नको. पोरीकडं बघवत नाय. सोमवारी चिडली, मोबाईलमधल्या माणसाला नाही नाही ते बोलली. मंगळवारपासून तर चिडतसुद्धा नाही. मुकाट पट्टी काढते, पुसते, बसवते, बटन दाबते, आणि पंख्यांचा आवाज ऐकत बसते. मी म्हणतो, होईल बाळा, निघेल काहीतरी. ती म्हणते, व्हय पप्पा. घरात माणसाचा वावर असणं किती बरं असतं, ते मी तुला काय सांगू. तिची आई गेल्यावर पहिले सहा महिने मी दोन कप चहा टाकायचो आणि दुसरा कप सायली न बोलता पिऊन टाकायची. तिला चहा आवडत नाय. असली पोरगी आहे ती.

असो. थंडी पडतीय, गुडघ्याला तीळतेल लावत जा. घरात लहानथोरांना, आणि बिडी ओढत नसतील तर दाजींनापण, माझा नमस्कार.

तुझा
कारभारी

ता. क. १. तुमच्या पुण्याच्या घरातली वरची खोली रिकामी आहे का? सहज विचारतोय.

ता. क. २. सहज नाही विचारत. वर जे लिहिलं त्यातलं एकही खोटं नाय, पण एक गोष्ट गाळली. रविवारी सायली पेढे आणायला गेली तेव्हा मी घरात एकटाच होतो. मदरबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात एक वायर जाते, मशीनच्या मेंदूला करंट देणारी. ती मी उपसली आणि बाकीच्या वायरींच्या मागं सारून दिली. मशीन बंद कसं पाडायचं हे मला मोबाईलमधल्या माणसानं शिकवायला नको. मी काय करू गं? ‘तू जा पुण्याला’ असं तिला सहा वेळा म्हणून झालं. जितक्या वेळा म्हणावं तितकी ती माझ्या औषधाच्या गोळ्या जास्त मोजते. मला एकटं राहायचं भ्या वाटतं, खोटं कशाला बोलू, लई वाटतं. पण ते भ्या माझं आहे, तिनं का म्हणून त्याच्यावर आपली नोकरी सोडायची? तर तू बुधवारच्या आत तिला फोन कर. गुडघे लई दुखतात, घरात कुणीतरी पाहिजे, राहायला इकडंच ये म्हण. म्हणताना जरा कण्हत जा. आणि हे पत्र वाचून फाडून टाक.

आत्या, मी सायली. पप्पांनी पाकीट माझ्याकडंच दिलं, पत्ता आणि पिनकोड लिहायला. डिंक वाळला नव्हता. वाचलं, माफ करा. ती वायर मला मंगळवारी दुपारीच सापडली होती. काढलेल्या वायरीच्या तोंडाला पिवळी टेप होती, आणि सोडवायला सोपं जावं म्हणून टेपचं टोक दुमडलेलं. कुणाला झटका बसू नये म्हणून असं करणारा माणूस आमच्या घरात एकच आहे. बघितल्यावर पाच मिनिटं रडले, मग टेप होती तशी ठेवली आणि रॅम पुसत बसले. कारण मलापण जायचंच होतं आत्या, फक्त ‘जाते’ म्हणायला तोंड उघडत नव्हतं. कंपनीला आज सकाळी होकार कळवलाय. पप्पांना सांगितलेलं नाही, ते उद्याच्या खड्ड्यासाठी मीठ आणायला गेलेत. मला फोन करा आणि ठरल्याप्रमाणे कण्हा, मी लगेच हो म्हणते. फक्त एक काम करा. मी आल्यावर दर शनिवारी पप्पांना जेवायला बोलवत जा, आणि ते मी सांगितलंय हे त्यांना कळू देऊ नका.