हा माणूस बोलका आहे

दिग्रस

चि. राजदीप यास उकंडाकाकाचा जय भीम आणि मंगल कामना.

तुझी तब्येत, जेवणखाण, पुण्यातली खोली आणि तुझ्या संशोधनाच्या मॅडम (अजून चिडतात का रे?) सगळं ठीक असेल असं धरून चालतो. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर बोलायला लागलो की तुझी जयाकाकू स्पीकर लावून शेजारी बसते, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जाता कामा नये.

तर मानेतल्या गाठीसाठी नागपूरला जाऊन ते पेट स्कॅन करून आलो. तुझं संशोधन याच चित्रांच्या गणितावर, म्हणून तू समजावलं होतंस ते पाठच करून गेलो होतो. यंत्र फोटो काढतच नाही. शिरेत टोचलेली किरणांची साखर अंगात जिथे जास्त खपते तिथून जास्त ठिणग्या निघतात आणि यंत्र त्या नुसत्या टिपतं. मग कॉम्प्युटर अंदाजाने एक चित्र धरतो, चित्र तसं असतं तर ठिणग्या कशा आल्या असत्या ते काढतो, खऱ्या आलेल्यांशी ताडतो, चुकलं तिथे सुधारतो आणि पुन्हा पहिल्यापासून. फार वेळा केलं तर नसलेले ठिपकेही उगवतात. (शेजारच्या कांताबाईंची पद्धत हीच. मी नागपूरला गेलो एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली आणि चार घरं फिरेपर्यंत माझं एक फुफ्फुस काढून टाकलं.)

सुई टोचल्यावर सिस्टरने आरामखुर्चीवर बसवून बजावलं, की आता तासभर बोलायचं नाही, चघळायचं नाही. जो स्नायू राबेल तो साखर खाईल, असा हिशेब. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे अतिच झालं. शेजारच्या खुर्चीवर पुसदचे उत्तमसिंग होते. मी फक्त गाव विचारलं. (गाव विचारणं म्हणजे काही बोलणं नव्हे.) तर ते माझ्याच गाडीचे जुने प्रवासी निघाले. मग काय, एकेका थांब्यावर उतरत आम्ही गप्पा मारल्या. आणि गप्पांत गाल रिकामा कसा ठेवायचा? मोज्यात खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, पुडी होती. तोच खर्रा, जो सोडला म्हणून मी विहारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

चित्रात गाठ राहिली बाजूला, गळा आणि दोन्ही जबडे लग्नघरासारखे उजळले. डॉक्टरांनी विचारलं, बोललात का, काही चघळलंत का? तुझी काकू शेजारी उभी. मी मान हलवून नाही म्हटलं. आता डॉक्टर गळ्यातला तुकडा काढून तपासू म्हणतात. खरं सांगावं तर घरात काकू, खोटं रेटावं तर गळ्यात चिमटा. फार भीती वाटते रे.

बाकी क्षेम. मी मजेत आहे, घरी दिवसभर गप्पाटप्पा चालतात.

तुझा,
उकंडाकाका

ता.क. आधीच ठाऊक असलेली गोष्ट तुमच्या गणितात सुरुवातीलाच घातली तर चित्र बरं येतं, असं तू म्हणाला होतास. तर 'हा माणूस बोलका आहे' एवढं घालून ते चित्र पुन्हा काढता येईल का? खर्र्याचं नाव न घेता.

ता.क. २ : गाठीचं काय दिसतं तेही पाहून ठेव. मला सांगायची घाई करू नको.

ता.क. ३ : राजदीप, मी काकू. पाकीट न चिकटवताच टपालात टाकाले माह्या हाती दिलं, म्या वाचलं. खर्रा मले त्याच दिवशी बसमधी वासानं समजला होता. डॉक्टरले मीच फोन करून सांगतलं. तुकडा काढनं आता थांबवलं, स्कॅन पुन्हा करतीन. गाठीचं मंग समजंल. पण घरी गप्पा चालते म्हणून लिहिलं ते साफ खोटं हाये. नागपूरहून आल्यापासून हे एक शब्द बोलले नाही. कांताबाईसंग सुदिक नाही. एवढं लंबं पत्र पाहून मले रडू आलं. तू ये बाबा. पहिले त्यायले पोटभर बोलू दे. मंग तासभर चूप बसवाले आपन दोघं संग नेऊ.