अकरा गटांचा अर्ज

१२ फेब्रुवारी २००८, मंगळवार
पाणी संस्थेला पाटबंधारे ऑफिसचं पत्र आलं. यापुढे नदीतून पाणी उचलायचे परवाने, नूतनीकरण, नव्या क्षेत्राची मंजुरी, सगळं इंटरनेटवरच्या खात्यातून. कागद टेबलावर घेणार नाहीत. चेअरमन तात्यांनी पत्र उलटंसुलटं करून बघितलं आणि माझ्याकडे सरकवलं. "सचिव, हे तुमचं काम. आमाला बटण म्हंजे मोटरीचंच ठावं."
सहा वर्षं झाली सचिव होऊन. शाळेतला क्लार्क, टायपिंग येतं, अक्षर बरं, म्हणून घेतलं. आमच्या बौद्ध वस्तीतला पाणी संस्थेत मी एकटाच. सभासद नव्हे, लिहिण्यापुरता.

२४ फेब्रुवारी, रविवार
झालं! ठराव झाला. वस्तीचे नदीकाठचे अकरा गट, म्हणजे अकरा घरांची रानं, संस्थेच्या क्षेत्रात घ्यायचे. संस्थेची पाइपलाइन आमच्या बांधावरून जाते. तीस वर्षं पाणी शेजारून जातंय आणि आमची रानं पावसाच्या भरवशावर. दोघांनी फाटे फोडले. तात्या उभे राहिले. "त्येंच्या बांधावरनं पाइप न्हेताना कुनी इचारलंवतं काय? आता त्येंची पाळी."
मी इतिवृत्त लिहीत होतो. दोनदा तीच ओळ लिहिली. घरी येऊन बायकोला, सुमनला सांगितलं तर तिनं हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि पदर डोळ्याला लावला.

२७ फेब्रु.
बाळूदादाला दम नाही. चुलतभाऊ माझा, पण वागणं थोरल्या सख्ख्या भावाचं. आजपासून चर खणायला सुरुवात केली, अकराही घरची माणसं घेऊन. म्हटलं, अरे, मंजुरी तरी येऊ दे. "मंजुरी तू आन. चर आमी आनतो की."

१ मार्च, शनिवार
शाळा सुटल्यावर हुपरीच्या एस.टी.ने कोल्हापूर. शाहूपुरीत मल्लूच्या नेट कॅफेत बसून खातं उघडलं. मध्ये भारनियमन, दोन तास मल्लूशी नुसत्या गप्पा. खात्यात खाली दोन बटणं. 'जतन करा' आणि 'सादर करा'. नव्या क्षेत्राचे अर्ज ७ मार्चपर्यंत. त्यानंतर पुन्हा कधी घेणार, कुठेच लिहिलेलं नाही.

६ मार्च
महाशिवरात्रीची सुट्टी. सकाळपासून मल्लूकडेच. सातबारे, नकाशा, ठराव, सगळं स्कॅन करून चढवलं. एकेक कागद चढायला पंधरा-वीस मिनिटं. सात चढले आणि लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून. पाठ मोडली. पण शेवटी अकराच्या अकरा गटांपुढे बरोबरची खूण आली. जतन केलं. तात्यांना विचारल्याशिवाय सादर कसं करायचं? उद्या.

७ मार्च, शुक्रवार
रजा टाकून गेलो. 'सादर करा'वर बाण नेऊन ठेवला आणि तात्यांना फोन लावला.
"अवं आज अवस हाय की! अकरा घरांचं पानी अवसंला मागताय व्हय? उद्या मी सोता येतो, नारळ फोडू, मग दाबा."
म्हटलं, आज शेवटची तारीख.
"शेवटची तारीख कवा शेवटची असती? हापिसातला मानूस वळखीचा हाय. मागची तारीख टाकतोय."
तेही खरं. त्या ऑफिसच्या आवक रजिस्टरात रोज खाली दोन ओळी कोऱ्या सोडतात, उशिरा येणाऱ्यांसाठी. संस्थेचे कागद त्या कोऱ्या ओळीत मी स्वतः तीनदा बसवलेत.
अमावस्या मी पाळत नाही. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, दीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडले, तेव्हापासून आमच्या घरात कुणी पाळलेली नाही. पण तात्या नारळ घेऊन येतो म्हणाले. आमच्या रानासाठी गावातल्या कुणी नारळ फोडल्याचं मला आठवत नाही. त्यांचं मन मोडवेना. बंद करून बाहेर आलो, चहा घेतला. खोटं कशाला लिहू, बरं वाटत होतं.

८ मार्च
तात्या धुवट धोतर, नवी टोपी घालून आले होते. कॅफेच्या पायरीवर नारळ फोडला. कंप्युटरला हळदकुंकू वाहिलं. मीसुद्धा हात जोडले.
खातं उघडलं. अर्ज आहे, अकरा गट आहेत, खुणा आहेत. 'सादर करा' नाही. त्या जागी लाल अक्षरात, 'मुदत संपली आहे.'
पाचसहा वेळा बाहेर जाऊन आत आलो. मल्लूनं दुसऱ्या कंप्युटरवर बसवलं. तेच.
"काल का दाबलं न्हाईसा?" मल्लू म्हणाला. अमावस्या होती, तात्या पुटपुटले. मल्लू बघतच राहिला. "आमच्यात अवस चांगली की! आमी दुकानाची पूजाच अवसंला घालतो."
तात्यांनी खोबरं वाटलं. माझ्या हातावर ठेवलेला तुकडा खाताही येईना, टाकताही येईना.

१० मार्च, सोमवार
शनिवारी ऑफिस बंद, म्हणून आज गेलो. तात्यांचा ओळखीचा माणूस भला आहे. त्यानं कपाटातून जुनं आवक रजिस्टर काढून दाखवलं. प्रत्येक पानावर खाली दोन ओळी कोऱ्या. "हे बघा पावणं. ह्येच्यात असतं तर आत्ता बसवलं असतं. पन कंप्युटर कोरी वळ सोडत न्हाय." त्याला खरोखर वाईट वाटत होतं. त्याचा मला जास्त राग आला.
परतताना एस.टी.त तात्या म्हणाले, "इतक्यात कुनाला सांगू नगा. काय तरी मार्ग काढू." मी मान हलवली.

११ मार्च
बाळूदादानं चरातूनच हाक मारली. "गेला काय रं अर्ज?" गेला म्हटलं.
एकच शब्द. तोंडातून गेला आणि संपलं.

१७ मार्च
मोठ्या साहेबांना भेटलो. म्हणाले, मुदतीबाहेर घ्यायची विनंती करा, पण खात्यातूनच. मल्लूकडे गेलो. विनंतीच्या पानावर पहिलाच रकाना, अर्ज क्रमांक. तो अर्ज सादर झाल्यावर मिळतो. क्रमांकाशिवाय पान पुढे सरकत नाही. मदतीचा फोन नंबर दिलाय, तो वाजतच राहतो.

१९ मार्च
मनात पाप आलंय. तात्यांनी मुद्दाम केलं असेल का? सभेत आमची बाजू घ्यायची, गावात नाव करायचं, आणि शेवटच्या दिवशी अमावस्या काढायची. विरोध करणाऱ्या दोघांपैकी एक त्यांचा साडू.
पण पायरीवर नारळ फोडताना त्यांचे हात मी बघितलेत. ते हात खोटे नव्हते.
खोटे असते तर बरं झालं असतं. निदान शिव्या द्यायला कुणी तरी मिळालं असतं. आता उरलो मीच. बाण बटणावर होता.

२ एप्रिल
खात्यात सूचना. 'नवीन क्षेत्रास मंजुरी पुढील आदेशापर्यंत स्थगित.' नदीतलं पाणी वाटून संपलं म्हणतात. ७ मार्चपर्यंत आलेले अर्ज मात्र विचारात घेणार.
मल्लूनं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, नुसतं बघायला येताय, कशाला घेऊ.

५ एप्रिल
तात्या नृसिंहवाडीला जाऊन आले. प्रसाद दिला. गालफडं बसलीत त्यांची. म्हणाले, आठवड्यातून एक पाळी आपल्याच पाण्यातून वस्तीला सोडू, परवाना गेला उडत. कमिटीत विषय काढला तर सगळे उसळले. "तपासनी आली तर आमचाबी परवाना जाईल." त्यांचं चुकलं म्हणवत नाही. तात्या खाली बसले. पहिल्यांदाच त्यांना असं बसताना बघितलं.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीत चार पावलं चाललो आणि डोकं दुखतंय म्हणून घरी आलो. दर चार पावलांवर कुणी तरी विचारत होतं, पाणी कधी? चर पुरा झालाय, पार नदीकडच्या टोकापर्यंत. दीड हात रुंद, सरळ दोरीत. बाळूदादा सगळ्यांना नेऊन दाखवत होता. मलाही नेलं. "बघ, हात लावून बघ." मी वाकून हात लावला.

२७ एप्रिल, रविवार
सुमनला सांगितलं. सात आठवडे पोटात ठेवलं, आज जेवताना बाहेर पडलं. ती म्हणाली, "तुमी अवस पाळली? अण्णांच्या घरात?"
नारळाचं सांगितलं. तात्या आपल्यासाठी आणणार होते, मला नाही म्हणवलं नाही.
"मग आता त्यो नारळ खावा."
आणि उठून गेली. खरं बोलली. पाया पडून घ्यायची हौस नव्हती, पण कुणी आपल्या शुभाचं बघतंय याची भूक होती, आणि त्या भुकेनं अकरा घरांचा घास घालवला. अण्णा असते तर त्यांनी बटण दाबलं असतं आणि मग तात्यांना फोन केला असता.

३ मे
शाळेला सुट्टी लागली. रोज सकाळी शाहूपुरी. घरी बसलं तर बाळूदादा येतो. खातं उघडायचं, लाल अक्षरं बघायची, बंद करायचं. मल्लू चहा सांगतो. आज म्हणाला, "सर, कशाला येताय?"

९ मे
आज सांगायचंच म्हणून बाळूदादाच्या दारापर्यंत गेलो. वहिनींनी पाट टाकला, ताक दिलं. बाळूदादा पाण्याच्या पाळ्या ठरवत होता. अकरा घरं, कुणाला कुठला वार. म्हाताऱ्या विधवा आक्कांची पाळी पहिली, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मला विचारलं, तुझ्या गटाला शेवटची चालंल न्हवं? तू घरचाच.
चालेल म्हटलं. ताक पिऊन आलो.

१३ मे, मंगळवार
संध्याकाळी बाळूदादा आला, बरोबर रेश्मा, त्याची थोरली लेक. कंप्युटरचा कोर्स पुरा झाला, हुपरीत चांदीच्या एका दुकानात नोकरी लागली. पेढे घेऊन आले होते. दुकानात नेट आहे म्हणे.
"काका, तुमी रोज शाहूपुरीला हेलपाटं घालताय. मला खात्याचा पासवर्ड द्या की. मी बघत जाईन."
बाळूदादा म्हणाला, "दमलाईस तू आमच्यापायी. आता हिला करू दे. पौर्णिमेला इहारात सगळी जमतील, तवा आपला अर्ज कुठवर आलाय ते हीच वाचून दावंल."
सुमन दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती.
बोलायला तोंड उघडलं. मग याच वहीतलं मागचं पान फाडलं आणि खात्याचं नाव, पासवर्ड लिहून दिला, नीट सुट्या अक्षरात. रेश्मानं एकदा वाचून खात्री केली, घडी घालून पर्समध्ये ठेवला. "उद्या दुकान उघडलं की पैलं हेच बघते."
चहा पिऊन गेले. त्यांचं घर इथून चार दारं पलीकडे आहे, दिवा दिसतोय. दुकान सकाळी दहाला उघडतं. सुमन चप्पल माझ्यापुढे आणून ठेवून आत गेली.