माघारीचे चार दिवस आणि पोहण्याचा दाखला

वडीलधाऱ्या ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत हल्ली काहीतरी वाजतं, म्हणून हा नमस्कार कागदावरच गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? डाव्याचं विचारतेय. उजव्याची हकिगत मागच्या पत्रात तू दीड पान लिहिली होतीस, त्यामुळे तो मला आता घरातल्या माणसासारखा ओळखीचा झाला आहे. इकडे सगळं ठीक. माझी तब्येत उत्तम आहे. (हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे, ते तुला शाईवरून कळेलच. पण आहे उत्तम.)

तर झालं असं. लेक कॉलेजात समाजशास्त्र शिकवते हे तुला ठाऊक आहे, पण ती जेवतानाही शिकवते हे नसेल. परवा ती जावयांना सांगत होती, की म्हातारपणाबद्दल विद्वानांची तीन मतं आहेत. पहिलं असं, की वय झालं की माणूस समाजातून हळूहळू अंग काढून घेतो, समाजही त्याला सोडून देतो आणि त्यात दोघांचंही भलं असतं. दुसरं असं, की हे साफ चूक; जितका माणूस चार लोकांत मिसळेल, कामं अंगावर घेईल, तितका सुखी. आणि तिसरं, की माणूस जन्मभर जसा होता तसाच म्हातारपणी राहतो, फक्त जरा जास्त. हे सगळं ती माझ्या ताटाकडे बघत बोलत होती. मी विचारलं, यातली मी कोणती? तर म्हणाली, "आई, तू जेव."

आता "तू जेव" म्हणजे काय, ताई? या दोन शब्दांचा मी दोन दिवस कीस काढला. समाज मला सोडत चालला आहे आणि लेकीला ते तोंडावर सांगवत नाही, एवढाच अर्थ निघाला. पुरावेही सापडू लागले. औषधवाला, जो कालपरवापर्यंत बाई म्हणायचा, तो आजी म्हणाला. जावई माझ्या हातातली पिशवी न विचारता घेतात. (पिशवीत एक पाव होता.) जुन्या कचेरीतल्या मंडळींच्या मेळाव्याचं बोलावणंही यंदा आलं नाही. मेळावा भरवणाऱ्या बाईच गेल्या, हे मला मागाहून कळलं. पण धास्ती बसायची ती बसलीच. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढल्यावर मी एक शिकले आहे, की काढून टाकण्याआधी आपणच राजीनामा दिलेला बरा. म्हणून ठरवलं, समाजानं मला सोडण्याआधी मीच त्याला सोडायचं. सोमवारपासून.

सोमवारी खिडकीशी खुर्ची ओढली, शेजारी चहाचा थर्मास ठेवला आणि माघार घेतली. अकरा वाजता खालची शिंपीण आली. (तुला सांगायचं राहिलं, निवृत्त झाल्यापासून आमच्या इमारतीतल्या सगळ्यांचे कचेऱ्यांतले फोन मीच करते. "साहेब जागेवर नाहीत" हे मी एकतीस वर्षांत ऐकून घेतलं नाही, ते आता काय घेणार?) तिच्या मशीनचा सुटा भाग महिनाभर अडकला होता. मी हळू आवाजात म्हटलं, की मी आता कशात नसते. ती बरं म्हणाली आणि जिन्यात बसून राहिली. मंगळवारी समोरचे हेडमास्तर पाण्याच्या बिलाची तक्रार घेऊन आले. त्यांना मी नीट समजावलं, की मी समाजातून माघार घेतली आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, "परत कधी येणार?" आणि तेही बसले. बुधवारी जिन्यात सात जण होते. गुरुवारी अकरा. त्यात कुणीतरी डोळे पुसत होतं. (शिंपीण. तिला शिंकांचा त्रास आहे.) नेमकी त्या दिवशी लेक लवकर घरी आली. दाराबाहेर चपलांचा ढीग, जिन्यात गप्प बसलेली माणसं, त्यात ही डोळे पुसणारी. लेक भिंतीला धरून वर आली, तर मी थर्मासचं झाकण उघडत होते. ती माझ्या पायाशी बसली, ताई, आणि मग इतकी रागावली, की मी तिच्यादेखत अकराच्या अकरा फोन करून टाकले. असे माघारीचे चार दिवस.

पहिलं मत बाद झाल्यावर दुसरं धरलं. वाचनालयातल्या गाण्याच्या मंडळात नाव घातलं. पूर्वी बाहेरगावच्या फोनला तीन मिनिटांची मर्यादा असे आणि ती संपली की आम्ही मध्ये बोलून सांगत असू. तर दुसऱ्या कडव्याच्या भर मध्यात माझ्या तोंडून निघालं, "तीन मिनिटं झाली." मागची रांग गायची थांबली, पेटीवाल्यांनी हात उचलला आणि एका आजोबांनी चक्क "ठेवतो" म्हटलं. (विद्वानांचं तिसरं मत खरं असावं.) गुरुजींनी मला प्रेमाने सुचवलं, की मोकळ्या हवेतलं काहीतरी बघा. मग साठीच्या पुढच्यांसाठी पोहण्याचा वर्ग असतो, तिथे गेले. बादलीतल्या पाण्यालाही मी मान देऊन असते हे तू जाणतेस, पण खिडकीवरच्या बाईंनी अर्ज पुढे केला आणि मला नाही म्हणवेना. पोहायला डॉक्टरांचा दाखला लागतो. वजन, रक्तदाब, छातीचा फोटो. तो दाखला अजून मिळायचा आहे, किरकोळ बाब आहे.

बाकी सर्व क्षेम. भाच्याला आशीर्वाद, सुनेला सांग की तिने पाठवलेला स्वेटर रोज घालते. (बाही एक लांब आहे, ते सांगू नकोस.)

तुझी,
धाकटी

ता. क. दाखला का मिळाला नाही ते लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं. फोटोत उजव्या बाजूला वर, वाटाण्याएवढा पांढरा डाग आहे. डॉक्टर तो उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, बहुतेक लहानपणच्या आजाराचा भरून आलेला व्रण असेल. तसा आजार झाला असेल तर फारसं घाबरायचं कारण नाही, नसेल तर पुढच्या तपासण्या करू. घरात कुणाला तरी विचारा. मी बरं म्हटलं आणि पायऱ्या उतरताना लक्षात आलं, की घरात विचारायला कुणी नाही. हे असते तरी त्यांना मी बाविसाव्या वर्षापासूनची माहीत. त्याआधीची मी आता फक्त तुझ्यापाशी आहे.

मला एवढंच आठवतं, की मी एका खोलीत होते आणि तू खिडकीबाहेर उभी असायचीस. हाका मारल्या तरी आत यायची नाहीस. त्याचा राग मी साठ वर्षं धरला आहे, तुला कधी बोलले नाही. तुला आत येऊ देत नव्हते का?

ता. क. दुसरा. लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही. तू म्हणशील, जन्मभर लोकांचे फोन जोडलेस, मग पत्र कशाला? गेल्या आठवड्यात तुला तीनदा फोन आला आणि कुणी बोललं नाही, ती मी होते. तू "हॅलो" म्हणालीस की माझा आवाजच निघेना.

ता. क. शेवटचा. मी तेव्हा आजारी होते असं असेल, तर दुपारी चार ते पाचमध्ये फोन कर. लेक कॉलेजात असते. नव्हते असं असेल, तर फोन करू नकोस. ये.