नखाखालचा काळा डाग

शुक्रवार, मुक्काम मुरूम. दिवेलागण.

डोकं उठलंय नुसतं! निजामी शाळेला जुम्म्याची सुट्टी, म्हणून हे मास्तर घरी. यांच्या पायाच्या अंगठ्याला नखाखाली काळा डाग पडलाय. ठेच लागली न्हाय, तरी म्हणतात, "जोडा चावला असंल." मुका मार असता तर वाढत्या नखाबरोबर डाग पुढं सरकला असता. हा तर तिथंच रुंद होतोय. आज मुळाशी कातडीही काळी दिसली. बैल जरा लंगडला की गुरांच्या सलोत्र्याकडं पळतात, आणि स्वतःचं?

"दुखत न्हाय, मग डॉक्टरला दाखवायचं काय?"

"दुखायची वाट बघताय का?" मी ओरडलेच. "उद्याच्या मोटारीनं धाराशिवला जायचं."

त्यांनी पाय धोतराखाली ओढला. मग हळूच म्हणाले, "तू येशील संगं?"

म्हणजे भीतच होते इतके दिवस! बोलायचं तरी आधी. दशम्या करायला घेते.