पाठमोरं बोलणं

४ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार खरोखर वाकून केला आहे. खोली इतकी अरुंद आहे की डोकं कपाटावर आपटलं.

तुझं पत्र पोचलं. बाबांनी फोनऐवजी पत्रांची शिस्त लावली नसती तर मी हे सगळं पाच मिनिटांत सांगून मोकळी झाले असते. पण फोनवरचं बोलणं हवेत जातं असं त्यांचं म्हणणं, आणि घरात त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. खरं सांगायचं तर हल्ली मलाही पत्रच बरं वाटतं.

वसतिगृह ठीक आहे. खिडकी मागच्या गल्लीत उघडते, खाली सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या खोलीतली मुलगी रसायनशास्त्राची. मी बोलण्याआधी तिच्या खांद्याला हात लावते तर ती दचकते आणि विचारते, की तुमच्या घरी सगळे असंच करतात का. मी म्हटलं, हो, सगळेच करतात.

आता मुद्द्याचं. मला लॅपटॉप हवा आहे. खडकांचे सर सगळं वाचायचं साहित्य संगणकावर टाकतात, निबंध टाइप करूनच द्यावे लागतात, आणि वर्गात माझ्याशिवाय सगळ्यांकडे लॅपटॉप आहे. इथला नियम असा, की पहिल्या सत्रात मुख्य विषयात नापास झालं तर भूगर्भशास्त्र सोडावं लागतं. पहिल्या चाचणीत माझी दांडी उडाली आहे. बाबांना अजून विचारलेलं नाही. तू आधी त्यांच्या कानावर घाल, तुझं ते ऐकतात.

लोभ आहेच, तो लॅपटॉपएवढा वाढावा.
तुझी,
बडबडी

---

१२ सप्टेंबर

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद, आणि कपाटाला माझी सहानुभूती.

तुझी कारणं वाचली. साहित्य वाचायला तुमच्या ग्रंथालयात संगणक आहेत, मी चौकशी केली. निबंध टाइप करायलाही तेच पुरतात. तिसरं कारण मी कारण मानत नाही. सगळ्यांना सर्दी झाली म्हणून तू शिंका मागशील का?

राहिलं वर्गात बसून सगळं उतरवून घेणं. त्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. कोर्टात लघुलेखक म्हणून माझी उभी हयात गेली. साक्षीदाराच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, तो माझ्या कागदावर. आणि गंमत अशी, की आरोपी सुटला की अडकला हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचावं लागायचं. हात सगळं घ्यायचा, डोकं मात्र घरच्या दुधावर. लॅपटॉपवर धडाधड टाइप करणाऱ्या मुलांचं तेच होतं. हाताने लिहिणाऱ्याला सगळं लिहिता येत नाही, म्हणून त्याला निवडावं लागतं, आणि निवडायचं म्हणजे समजून घ्यावं लागतं. तेव्हा पेन घे आणि कान उघडे ठेव.

दादाला लिहिलं आहे. त्याचं उत्तर तो तुलाच पाठवेल, आणि ते पोस्टकार्डावर मावेल एवढंच असेल. पुढच्या महिन्यात पेन्शनच्या कामाने तुमच्या गावी येते आहे. तुझ्या सरांची परवानगी काढून वर्गातही बसेन म्हणते, बघू काय एवढं अवघड शिकवतात ते.

माझी माया तुझ्यावर आहे, यंत्रावर नाही.
तुझी आत्या

---

१५ सप्टेंबर

चि. बाळ,
आशीर्वाद. तुझ्या आत्याचं पत्र आलं.

लॅपटॉपची गरज वाटत नाही. शिकणाऱ्याचे डोळे उघडे असले की बाकी सगळं येतं. मी घड्याळं दुरुस्त करायला शिकलो ते आमच्या वस्तादांच्या हातांकडे बघून. ते काय बोलायचे ते मला आजही ठाऊक नाही, आणि माझं काही अडलं नाही. पहिल्या बाकावर बसत जा.

एका शाळेचं भिंतीवरचं जुनं घड्याळ दुकानात आलं आहे. लंबक वाकला होता, सरळ केला. आई बरी आहे. तिने दिव्याचं बटण पुन्हा बिघडवून ठेवलं. मी कामात असलो की बोलवायला ती दिवा उघडझाप करते, त्याने ते खिळखिळं होतं.

जेवत जा. तुझे,
बाबा

---

२८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न., आज नुसताच.

दुसरी चाचणीही गेली. पहिल्या बाकावर बसूनही गेली. सरांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, की हा विषय मनापासून घेतला आहेस ना? मी हो म्हणाले. त्यांनी आणखीही काही विचारलं, त्यालाही हो म्हणाले.

लॅपटॉपचं राहू दे, मी पुन्हा मागणार नाही. घरी परत यावं असा विचार चालला आहे. बाबांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायला कोणी तरी हवंच असतं, आई किती दिवस करणार. तू येशील तेव्हा बोलू. बाबांना यातलं कळवू नकोस.

लोभ होता तेवढाच राहू दे.
तुझी भाची

---

१९ ऑक्टोबर

चि. बडबडीस,
आशीर्वाद, पूर्वीपेक्षा जास्त.

परवा तुझा निरोप घेताना मी काही बोलले नाही. बोलले असते तर माझा आवाज चढला असता, आणि तुला वाटलं असतं मी रागावले. म्हणून लिहिते.

तास सुरू व्हायच्या बेतात मी तुझ्या वर्गात पोचले, तुझ्या मागच्या बाकावर बसले. तुला हाक मारली. पुन्हा मारली. तुझ्या शेजारच्या मुलीने वळून पाहिलं, पलीकडच्या मुलाने पाहिलं, खुद्द सरांनी पाहिलं. तू हलली नाहीस. म्हटलं, पोरगी अभ्यासात बुडाली आहे.

मग तास सुरू झाला. सवयीप्रमाणे मी लघुलिपीत उतरवून घेऊ लागले, आणि सवयीप्रमाणेच दुसऱ्याचा हात कसा चालतो तेही बघत होते. सर वर्गाकडे तोंड करून बोलत होते तोवर तुझं पेन चालत होतं. ते फळ्याकडे वळले की पेन थांबायचं. ते पाठमोरे बोलतच होते, बाकीचे लिहीतच होते, तू मात्र त्यांच्या पाठीकडे बघत बसायचीस. ते वळले की पेन पुन्हा सुरू. तास संपेपर्यंत हेच. साक्षीदार तोंड फिरवून बोलायला लागला की मीही असंच पेन उचलायची. पण मी न्यायाधीशांना सांगायची, की त्याला इकडे वळवा. तू कोणालाच सांगत नाहीस.

नंतर चहा घेताना मी मुद्दाम कपाच्या आडून विचारलं, की तुझी खोली कितव्या मजल्यावर आहे. तू मान हलवलीस.

पोरी, तुला ऐकू येत नाही. निदान पुरतं येत नाही. केव्हापासून ते तूच सांग. मी तुला कान उघडे ठेव असं लिहिलं होतं, ते आठवून परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी मला पेपरमिंटची गोळी दिली.

लॅपटॉपबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलांना तो लागत नाही. तुला लागतो असं दिसतं, आणि का ते मला तुझ्याकडून हवं आहे. त्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. सोबत जोडलेल्या चिठ्ठीत पत्ता आहे, वेळ घेऊन ठेवली आहे. घरी परत यायचं नाव काढलंस तर मी तुझ्या दारात येऊन बसेन.

तुझ्यावर फार जीव आहे, हे सरळच लिहिते.
आत्या

---

३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. यातलं विनंती विशेष या वेळी खरंच विशेष आहे.

गेल्या वर्षापासून कमी होत गेलं. आधी वाटलं, लोकच पुटपुटायला लागले. इथे आल्यावर कळलं, की घरी मला सगळ्यांची तोंडं समोर दिसायची म्हणून निभावलं. मी बोलले नाही कारण वाटलं, कळलं तर बाबा परत बोलावतील.

लॅपटॉपचं असं झालं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा तिचा लॅपटॉप दोघींच्या मध्ये ठेवला होता. त्यात अशी सोय आहे, की समोर कोणी बोललं की ते अक्षरांत उमटतं. सर फळ्यावर खडकांचे थर काढत होते, पाठ आमच्याकडे, आणि पडद्यावर ओळीमागून ओळ येत होती. चुका होत्या, खोकल्याचंही त्याने काही तरी वाक्य केलं. पण सर फळ्याकडे तोंड करून विनोद करतात, हे मला त्या दिवशी समजलं. एरवी वर्ग हसायचा आणि इतरांचं बघून मी हसायची. मला फार आनंद झाला आणि लगेच फार भीती वाटली, कारण लॅपटॉप तिचा होता आणि दुसऱ्या दिवशी ती वेगळ्या बाकावर बसली.

डॉक्टर चांगले आहेत, चेहरा समोर ठेवून बोलतात. त्यांनी विचारलं, की घरी कोणाला कमी ऐकू येतं का. मी नाही म्हणाले. मग त्यांनी धातूचा एक काटा वाजवून कानापाशी धरला, काही ऐकू आलं नाही. तोच त्यांनी माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला आणि स्वच्छ ऐकू आला. म्हणाले, कानातली वाट अडली आहे, हाडातून आवाज जातो, आणि हे बहुधा घराण्यात असतं, विशीच्या आसपास सुरू होतं.

आत्या, बाबा घड्याळ चालतं की नाही ते कसं बघतात, आठवतं? कानाला लावत नाहीत, कानामागे टेकवतात. आपण समजायचो ही कारागिराची लकब. खांद्याला हात लावून बोलायचं, दिवा उघडझाप करायचा, गिऱ्हाइकांशी आईने बोलायचं, आणि फोन घ्यायचा नाही. आपण सगळे इतकी वर्षं पत्रं का लिहितोय, ते मला डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

मी बाबांना लिहिलं आहे. तूही म्हणायचीस ना, की दादा धंद्याला लागला आणि शिष्ट झाला?

तुझी माया मला लागते, हे आता मीही सरळच लिहिते.
बडबडी

---

१४ नोव्हेंबर

चि. बाळ,
आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं.

तू विचारलंस त्याचं उत्तर हो. तुझ्या वयापासून. आमच्या धंद्यात ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे घड्याळ कोण देणार, म्हणून बोललो नाही. पुढे बोलायचं राहूनच गेलं. हे माझ्याकडून तुझ्याकडे आलं, याचं मला फार वाईट वाटतं. त्या बाबतीत मी काही करू शकत नाही.

आत्याला लॅपटॉप घे म्हणून कळवलं आहे, माझा विरोध नाही. डोळे उघडे ठेव असं मी लिहिलं होतं. त्यावर माझं निभावलं, पण तेवढ्यावर तू निभावू नकोस.

एक गोष्ट. आईला सांगू नकोस. तिला वाटतं मी कामात गुंग असतो. मान हलवून मी आजवर वेळ मारून नेली आहे, पुढेही नेईन. या वयात तिला धक्का नको.

शाळेचं घड्याळ चालू झालं, पोचवून आलो.
तुझे,
बाबा

---

२ जानेवारी

ती. आत्यास,
घरून, आणि तू घेऊन दिलेल्या लॅपटॉपवरून छापून नव्हे तर हाताने, शि. सा. न. वि. वि.

पास झाले. काठावर, पण भूगर्भशास्त्र सुटलं नाही. सरांना सगळं सांगितलं, तर ते ओशाळले. आता लिहून झाल्यावर वळून बोलतात, आणि विसरले तर पडद्यावर येतंच. कानाचं यंत्रही मिळालं आहे. खोलीतली मुलगी घोरते, हा नवा शोध.

सुट्टीला घरी आले ती लॅपटॉप घेऊन. बाबांचा शब्द मी मोडला नाही, आईला त्यांच्याविषयी काही बोलले नाही. जेवणं झाल्यावर टेबलावर नुसता उघडून ठेवला आणि तिला म्हटलं, की वर्गात मी हे असं वापरते, काही तरी बोलून बघ, अक्षरं उमटतील. बाबा समोर चष्मा पुसत बसले होते.

आईने पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मला वाटलं ती मला काही विचारेल. ती काही न विचारता उठली, लॅपटॉप उचलला आणि पडदा बाबांच्या बाजूला वळवून ठेवला. मग त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, जिथून तिचं तोंड त्यांना दिसणार नाही, आणि रोजच्या आवाजात बोलली. मी यंत्र लावलेलं होतं, मला नीट ऐकू आलं. ती म्हणाली, "अहो, ऐकू आलं नाही की मान हलवत जाऊ नका. लग्न झालं त्या वर्षापासून मला कळतंय."

अक्षरं एकेक करून उमटली. बाबांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि सवयीने मान हलवली.

तुझी,
बडबडी